पोरगं झाडावर, जीव टांगणीला

प्रश्न : आम्ही ठाण्याला राहतो. मे महिन्यात चिपळूणजवळ सासरच्या घरी जातो. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. तिथे गेलं की दिवसभर परसातल्या पेरूवर नाहीतर आंब्यावर. सासूबाई म्हणतात, ‘चढू दे गं, याचा बाप तिथेच वाढला.’ मी खाली उभी राहून ‘पडशील, उतर!’ करत बसते. शेजारची मुलंही त्याच्यासोबत असतात. चढू द्यावं का? द्यायचं तर मी नेमकं काय करायचं?
— एक आई, ठाणे

उत्तर : ताई, चढू द्या. मी मल्लखांब शिकवते. पोरं उंचावर आणि मी खाली, हेच माझं रोजचं काम. तुमच्या छातीत धडधडतं ते मला कळतं, आणि ते थांबावं असंही मी म्हणणार नाही. फक्त ते तोंडावाटे बाहेर पडू देऊ नका. ‘पडशील!’ म्हणून ओरडलात की मुलगा आधी तुमच्याकडे बघतो. फांदीवरचं लक्ष आईच्या चेहऱ्याकडे जातं आणि पाय चुकतो तो नेमका तेव्हा. बोलायचंच तर कामाचं बोला. ‘ती फांदी आधी हलवून बघ.’ ‘डावा पाय कुठे ठेवणार?’ नाहीतर गप्प उभ्या राहा.

एक नियम मात्र कडक पाळा : त्याला उचलून फांदीवर ठेवायचं नाही, खालून रेटायचंही नाही. जिथे तो स्वतःच्या हातापायांच्या जोरावर पोचत नाही, तिथे जायची त्याची वेळ अजून आलेली नाही. आमचा पुरलेला मल्लखांब जमिनीवर आठ-साडेआठ फूट असतो, वर एरंडेल चोळलेलं. नव्या पोराला टोक गाठायची घाई असते. मी त्याला आधी उतरायला शिकवते, अर्ध्यातून, पुन्हा पुन्हा. चढताना पुढची पकड डोळ्यांसमोर असते, उतरताना पाय चाचपडत असतो. झाडावरही तेच. तोंड खोडाकडे, अंग खोडाला लागून. दोन हात, दोन पाय यांतला एका वेळी एकच हलवायचा, बाकीचे तीन पक्के. हे पेरूवर, तुमच्या कमरेएवढ्या उंचीवर त्याच्याकडून करून घ्या. कंटाळला तरी करून घ्या.

नियमावर मी इतकी अडून बसते, त्याला कारण दहीहंडी आहे. सगळ्यात वरच्या थरावरचं हलकं पोर तिथे आपल्या खेळापायी जात नाही. किती थर लावायचे ते मोठी माणसं ठरवतात, बक्षीस मोठी माणसं लावतात, आणि उंचीवरून कोसळतं पोर. 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 18 वर्षांखालच्या मुलांना मनाई केली आणि 20 फुटांची मर्यादा घातली, तेव्हा केवढा गहजब झाला! 2017 मध्ये उंचीची मर्यादा गेली. 14 वर्षांखालच्या मुलांना उतरवणार नाही, एवढी हमी सरकारने न्यायालयात दिली. मला विचाराल तर 18 हीच रेघ बरोबर होती. झाडावर चढून सूरपारंब्या खेळणारं पोर घाबरलं तर खालच्याच फांदीवर बसून राहतं, कोणी त्याला वर ढकलत नाही. थरावरच्या पोराला ती सोय नाही.

आता झाडाचं. पेरू आणि चिंच चिवट, निर्धास्त असा. आंबाही चालेल, पण चढण्याआधी ओंबीलाची घरटी आहेत का ते बघा. त्या लाल मुंग्या डसल्या की पोर हात सोडणारच. शेवग्यावर अजिबात नाही. जांभूळ फसवं झाड आहे, फांदी जाडजूड दिसते आणि कडकन मोडते. पाऊस सुरू झाला की खोड बुळबुळीत होतं, तेव्हा चढणं बंद. विजेची तार जवळून गेली असेल तर ते झाड कायमचं वर्ज्य. चपला खाली. गळ्यात दोरी, ओढणी, पिशवी काही नको. झाडाखाली गडग्याचे सुटे दगड, खुंट, विसरलेला कोयता असेल तर सकाळीच उचला. परसात बिनकठड्याची विहीर असेल तर तिच्यावर जाळी बसवल्याशिवाय मुलांना त्या बाजूला सोडूच नका. ही सगळी कामं मोठ्यांची. मुलाला उंची कळते, ती तो स्वतः तोलतो. आतून किडलेली फांदी त्याला कळत नाही. कॅनडातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2024 मध्ये मुलांच्या मैदानी खेळाबद्दल निवेदन काढलं, त्यातही मुलाला तोलता येणारी जोखीम वेगळी आणि त्याला न दिसणारा धोका वेगळा, हाच फरक केला आहे.

इतकं करूनही खरचटेल, गुडघे फुटतील. हळद लावा, पुढे चला. डोक्यावर पडला आणि उलटी झाली, गुंगी आली, डोकं दुखायचं थांबेना किंवा क्षणभर जरी शुद्ध हरपली, तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. मान किंवा पाठ दुखते म्हणाला तर ओढून उठवू नका.

शेजारच्या मुलांच्या आयांशी आधीच बोलून घ्या. कोणतं झाड, किती वाजेपर्यंत, खाली कोण असणार, हे त्यांना सांगा. एखादी नको म्हणाली तर तिच्या मुलाला खालचं काम द्या; सूरपारंब्यांत दांडू लांब फेकायला आणि राज्य घ्यायलाही कोणीतरी लागतंच. आणि सासूबाईंना ओसरीतून उठवून झाडाखाली खुर्ची टाकून द्या. कोणती फांदी किती वर्षांची ते त्यांना ठाऊक असणार.