विहिरीवरची फुलं पडत कशी नाहीत?

गेल्या अंकात इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यातल्या टिसिंग्टन गावच्या ‘वेल ड्रेसिंग’चा, म्हणजे फुलांच्या चित्रफळ्यांनी विहिरी सजवण्याच्या प्रथेचा, फोटो छापला होता. त्यावर आलेल्या पत्रांतले हे काही प्रश्न.

फुलांची रांगोळी आडवी असते म्हणून टिकते. हा फळा तर उभा आहे! डिंक लावतात का? (सांगली)

डिंक नाही. पाकळ्या ओल्या चिकणमातीत दाबलेल्या असतात आणि सगळा खेळ त्या ओलीचा आहे. इंचभर खोलीचा लाकडी ट्रे घेतात, आतून जागोजागी खिळे अर्धवट ठोकून ठेवतात. माती त्यांना धरून राहते. मग हा ट्रे तळ्यात किंवा ओढ्यात काही दिवस बुडवतात. कोरडं लाकूड मातीतलं पाणी ओढून घेतं, म्हणून आधी लाकडाचीच तहान भागवायची. मातीत पाणी आणि मीठ घालून ती पायांनी तुडवतात, लोण्यासारखी मऊ होईपर्यंत. मीठ ओल धरून ठेवतं. पायाखाली खडा लागला की वेचून टाकायचा. राहिला तर नेमका चित्रातल्या चेहऱ्यावर उगवतो.

माती थापून गुळगुळीत केली की पूर्ण मापाचं कागदी चित्र तिच्यावर पसरून रेषा सुईनं टोचतात. कागद उचलल्यावर मातीत बारीक भोकांची रेघ दिसते. तिच्यावर आल्डर झाडाची इवली काळी बोंडं किंवा कॉफीच्या बिया एकाला एक लावून खोचत जायचं. मग रंग भरणं, टिकाऊ ते नाजूक या क्रमानं: आधी दगडफूल (आपल्या गोड्या मसाल्यातलं, त्याच कुळातलं), शेवाळ, पानं आणि पाकळ्या सगळ्यात शेवटी. हायड्रेंजियाच्या पाकळ्या विशेष लाडक्या.

पाकळ्या खालून वर लावत जातात, कौलं चढवतात तशा. वरची पाकळी खालचीच्या डोक्यावर थोडी चढते, त्यामुळे पावसाचं पाणी ओघळून जातं, पाकळीमागे शिरत नाही. वरून खाली लावलेलं काम पहिल्या सरीतच उघडं पडतं. एकेक पाकळी अंगठ्यानं दाबायची असल्यामुळे आठ-दहा जण बसले तरी दोन-तीन दिवस सहज जातात.

आमच्या इथल्या मंडळात छोटा फळा करून पाहिला. दुसऱ्याच दिवशी माती तडकली आणि कोपरा गळून पडला. (डर्बी)

या दोन वेगळ्या चुका आहेत. तडे गेले म्हणजे माती लवकर सुकली. लाकूड भिजवलं नसेल, मीठ विसरलं असेल किंवा फळा उन्हात ठेवला असेल. काम सावलीत करा आणि रात्री ओलं फडकं झाका. कोपरा गळला तो बहुधा उलट कारणानं: माती फार पातळ होती किंवा कडेला खिळे कमी पडले. मूठभर माती पिळल्यावर बोटांमधून पाणी निथळलं तर ती अजून फळ्यावर घालू नका. आणखी एक: फळा उभा करताना माणसं कमी घेऊ नका. भिजलेलं लाकूड आणि माती मिळून भलतं वजन होतं, आणि एक बाजू आधी उचलली की फळा पिळला जाऊन माती सुटते.

कधी जावं? (लेस्टर)

टिसिंग्टनला फळे ‘असेन्शन डे’ला खुले होतात. ईस्टरचा रविवार पहिला धरून चाळिसावा दिवस, म्हणजे नेहमी गुरुवार. 2026 मध्ये 14 मे, 2027 मध्ये 6 मे. चर्चमधल्या प्रार्थनेनंतर मिरवणूक एकेका विहिरीपाशी जाऊन आशीर्वाद देते. ‘विहीर’ म्हटल्यावर रहाट-पायऱ्या शोधू नका. हे झरे आहेत. सहा ठिकाणं सजतात. त्यातल्या ‘कॉफिन वेल’चं नाव शवपेटीच्या आकाराच्या दगडी कुंडावरून पडलं. फळे साधारण आठवडाभर असतात, पण रंग पहिल्या दोन-तीन दिवसांतच पाहावेत. ॲशबोर्नहून गाव जेमतेम चार मैलांवर, रस्ते अरुंद, तेव्हा सकाळी लवकर पोहोचा.

ती तारीख जमली नाही तर निराश होऊ नका. डर्बीशरमधल्या इतर गावांचे दिवस वेगळे असतात आणि हंगाम मेपासून सप्टेंबरपर्यंत चालतो.

प्लेगमधून गाव वाचलं म्हणून ही प्रथा पडली, हे खरं का? (पुणे)

गावात दोन गोष्टी सांगतात. 1348-49 च्या प्लेगात इथलं पाणी शुद्ध राहिलं, ही एक. 1615 च्या दुष्काळात झरे आटले नाहीत, ही दुसरी. सिद्ध एकही झालेली नाही. आम्हाला दुष्काळाची जास्त पटते, कारण चुनखडीच्या त्या प्रदेशात पाणी चटकन जमिनीत मुरतं आणि न आटणाऱ्या झऱ्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. मातीच्या फळ्याचं वर्णन मात्र 1818 पासून सापडतं. त्याआधी नुसते हार घालत. पुढे वर्क्सवर्थ, यूलग्रेव्हसारख्या गावांत नळ आले, तेव्हा लोकांनी नळच सजवायला घेतले!

प्लास्टिकची फुलं, रंग चालतात का? (ठाणे)

टिसिंग्टनला नाही. पाकळी, बी, साल, पान, लोकर. जे निसर्गातून आलं तेच.