चहा पिता न येणारे चार कप

तुमचं तीन पानांचं पत्र वाचलं. बारावी सायन्सला ८१ टक्के, डोंबिवलीतला वन बीएचके, होमलोनचा हप्ता, इंजिनिअरिंगसाठी ठरवलेला क्लास, सगळं कळलं. मुलीला सिरॅमिक, म्हणजे भाजलेल्या मातीच्या वस्तूंचं काम शिकायचंय, तुम्हाला ते पटत नाही, हेही कळलं. फक्त ती काय म्हणते ते तीन पानांत कुठे सापडलं नाही.

तुम्ही लिहिता, ‘तिने चार कप केलेत, चौघांना मिळून एकच कान. चहासुद्धा पिता येत नाही. परीक्षेपर्यंत माळ्यावर टाकलेत.’ तुमच्या घरातही माणसं चारच. तुम्ही पहाटेच्या लोकलने जाता, पत्नी रात्रपाळी करून येतात, मुलगा कानात इअरफोन घालून असतो, हे तुम्हीच लिहिलंय. एक कप उचलायचा तर उरलेले तीन हलणार. मला तर ते कप न बघताही कळले. तुम्ही तिला एकदा तरी विचारलंत का, असे का केलेस म्हणून?

‘मातीचं काम, हात लावला की फुटणार, करिअरही तसंच,’ असं तुम्ही लिहिता. यातलं मातीचं तरी नीट समजून घ्या. १२०० अंशांच्या पुढे भाजलेली स्टोनवेअर प्रकारची माती दगडासारखी होते. आपल्या महाराष्ट्रातल्या प्राचीन जोर्वे संस्कृतीची खापरं तीन हजार वर्षं जमिनीत टिकली. नाजूक असते ती सुकलेली, अजून भट्टीत न गेलेली वस्तू. पाण्यात टाकली तर विरघळते, उचलताना बोट जोरात लागलं तरी तुटते. कप सुकत आलेला आणि कान ओला, अशी जोडणी केली की कान जास्त आकसतो आणि सांध्यावरच तडा जातो. म्हणून कुंभार दोन्ही सारखे ओले असताना जोडतो, वर प्लास्टिक झाकतो आणि सावकाश सुकू देतो. चार कपांना एक कान जोडून ते भट्टीतून शाबूत काढणं किती अवघड, हे तुमच्या मुलीला ठाऊक आहे. वीकेंडच्या छंदवर्गातली हौस नाही ही.

प्रवेशाचं थोडक्यात: मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात सिरॅमिकची पदवी आहे, अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत सिरॅमिक अँड ग्लास डिझाइन. प्रवेशपरीक्षेचे नियम बदलत असतात, यंदाचं माहितीपत्रक बघा.

पैशांचं खोटं सांगणार नाही. पहिली काही वर्षं प्रदर्शनातल्या कलाकृतींवर भागत नाही. हॉटेलांच्या ताटल्या कराव्या लागतात, वर्ग घ्यावे लागतात. भाईंदरला कुंभाराच्या चाकावर आयुष्य काढलेल्या ब्रह्मदेव पंडितांना २०१३ साली पद्मश्री मिळाली, पण ते उदाहरण दाखवून मी तुम्हाला भुलवणार नाही. सुट्टीत तिला महिनाभर एखाद्या स्टुडिओत माती मळायला, भट्टी भरायला पाठवा. पाठ दुखेल, नखं जातील. तरी तिला तेच करायचं असेल तर क्लासची फी भरण्याआधी पुन्हा लिहा. पण ते पत्र तिला लिहू द्या.

आणि ते कप आधी माळ्यावरून काढा. वर दिवाळीच्या फराळाचे डबे ठेवलेत, असंही तुम्ही लिहिलंय.