गाडीचा दोष सापडला, आता तारीख सांभाळा

इंदूरच्या रामबागेतून एका वाचकाचं पत्र आलंय. सिग्नलला गाडी थांबली की इंजिन थरथरायचं, आरपीएम आपोआप चढायचा, चेक इंजिनचा दिवा पेटायचा. अधिकृत सर्व्हिस सेंटरने आधी ऑक्सिजन सेन्सर बदलला, मग इंजेक्टर साफ केले, शेवटी थ्रॉटल बॉडीही नवी बसवली. बिलं झाली एकतीस हजारांची आणि दोष तसाच. अखेर देवास नाक्यावरच्या मेकॅनिकने इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या मार्गात, धूर सोडून पाहिला, तर मॅनिफोल्डमागच्या रबरी व्हॅक्यूम पाइपच्या चिरेतून तो बाहेर आला. पाइप बदलला आणि गाडी सुतासारखी सरळ झाली. पैसे परत मिळतील का, असं ते विचारतात. अशी पत्रं बरीच येतात, फक्त गाडीचं मॉडेल बदलतं.

तुमच्यावर अन्याय झाला का, यात मी वेळ घालवत नाही. प्रकरण अडणार आहे ते शेवटच्या बिलावरच्या तारखेवर: २१ नोव्हेंबर २०२३. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते, आणि आज ऑक्टोबर २०२५ संपत आलाय. पाइप जानेवारी २०२४ मध्ये सापडला, तेव्हापासून मुदत मोजा, असा युक्तिवाद करता येईल; पण हातात दिवस असताना त्यावर विसंबू नका. ऑगस्ट आणि सप्टेंबरची बिलं तर दोन वर्षांपलीकडे गेलीच आहेत. तिन्ही दुरुस्त्या एकाच दोषाच्या, एकाच सलग व्यवहारातल्या, असं मांडा आणि सोबत विलंब माफीचा अर्ज जोडा. तो मंजूर होईलच असं मी म्हणणार नाही.

इतके महिने तुम्ही काय केलंत? मेल पाठवलेत आणि ‘वरिष्ठांना कळवलं आहे’ या उत्तरावर थांबलात. अशा पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही, वकिलाच्या नोटिशीनेही नाही. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी ग्राहक आयोगाने तो स्वतःहून तपासायचा असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्टेट बँकेच्या एका प्रकरणात जुन्या कायद्याबद्दल स्पष्ट केलंय. नव्या कायद्यातली तरतूद तशीच आहे.

तुमची खरी बाजू पहिल्या जॉबकार्डावर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदपत्रावर आहे. तिथे हाताने ‘पी०१७१’ हा बिघाडाचा कोड लिहिलाय. पेट्रोलच्या मानाने हवा जास्त, असा त्या कोडचा अर्थ. कारणं अनेक असू शकतात, फ्युएल प्रेशर कमी असणं हेही एक. पण सेन्सरने न मोजलेली हवा, चिरलेल्या पाइपातून शिरते तशी, कुठून शिरतेय का, हे महागडे भाग बदलण्याआधी बघायला हवं होतं. तिन्ही जॉबकार्डांत पाइप किंवा गॅस्केट तपासल्याची एकही नोंद नाही. सेवेतली कमतरता म्हणतात ती हीच, आणि तक्रार एवढ्यावरच उभी करा.

नवी गाडी मागू नका. उत्पादनातला दोष म्हटलात की याच ग्राहक कायद्याच्या कलम ३८ खाली प्रयोगशाळेच्या तपासणीचा प्रश्न येतो, आणि तुम्ही तर पाइप बदलून मोकळे झालात. फुटका पाइप मेकॅनिककडेच सोडून आलात, हे वाचून वाईट वाटलं. आजच जा. तो भंगारात गेला नसेल तर ताब्यात घ्या. गाडीचा नंबर, किलोमीटरचं रीडिंग आणि काय आढळलं, हे त्याच्याकडून प्रतिज्ञापत्रावर घ्या. धुराचा मोबाइलवरचा व्हिडिओ जपा, त्यासोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्रही जोडा.

तुम्ही इंदूरला राहता, म्हणून इथल्याच जिल्हा आयोगात तक्रार चालेल, सर्व्हिस सेंटर कुठलंही असो. रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने फी नाही. ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. समोरच्याला उत्तरासाठी तीस आणि वर फार तर पंधरा दिवस मिळतात. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ही मर्यादा पक्की केली. निकाल मात्र कायद्यात म्हटल्याप्रमाणे तीन महिन्यांत लागेल, असं धरून चालू नका. तारखांवर तारखा पडतात, आणि ग्राहकाला असं ताटकळत ठेवणं मला मुळीच मान्य नाही.

आता निवांत बघू म्हणू नका. कागद अपुरे असले तरी १५ नोव्हेंबरच्या आत तक्रार दाखल करा. मेकॅनिकचं प्रतिज्ञापत्र मागाहून जोडण्याची परवानगी मागता येते.