एकेकटे पास, सगळे मिळून नापास: वायरमॉकचा बदललेला पोर्ट

एकेक टेस्ट क्लास चालवला की हिरवा, पण जेनकिन्सवर (बिल्ड सर्व्हरवर) सगळे एकदम चालवले की दुसऱ्या क्लासपासून 'कनेक्शन रिफ्यूज्ड', असं तुम्ही लिहिलंय. हे दुखणं आम्हीही काढलंय. वायरमॉक (टेस्टसाठी खऱ्या सेवेची नक्कल करणारा सर्व्हर), डायनॅमिक पोर्ट (दर वेळी आपोआप मिळणारा मोकळा पोर्ट) वगैरे तुम्हाला येतंच, खोलात जात नाही.

माझा अंदाज: वायरमॉकएक्स्टेंशन (जेयुनिटमध्ये वायरमॉक चालू-बंद करणारा जोड) बेस क्लासमध्ये स्टॅटिक आहे आणि स्प्रिंगला त्या सर्व्हरची यूआरएल देणारी डायनॅमिकप्रॉपर्टीसोर्स मेथडही तिथेच. एक्स्टेंशन प्रत्येक क्लास संपला की सर्व्हर बंद करतं आणि पुढच्या क्लासला नव्या पोर्टवर उठवतं. स्प्रिंगला मात्र दोन्ही क्लासचं कॉन्फिगरेशन सारखंच दिसतं, म्हणून तो कॅशमधला जुना कॉन्टेक्स्ट (ॲप्लिकेशनची तयार मांडणी) देतो. त्यातल्या क्लायंट बीनकडे (सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवणाऱ्या ऑब्जेक्टकडे) जुनाच पोर्ट. खात्री करायची तर बीफोरऑलमध्ये (क्लासच्या आधी एकदा चालणाऱ्या मेथडमध्ये) पोर्ट छापा आणि एक्सेप्शनमधल्या पोर्टशी ताडून बघा.

आमच्याकडे बिल्ड सर्व्हर सांभाळणाऱ्या टीमने मात्र 'नेटवर्क स्लो आहे, टाइमआउट वाढवा' हे एकच पालुपद धरलं होतं. अहो, रिफ्यूज्ड म्हणजे त्या पोर्टवर कोणी ऐकतच नाहीये, उत्तर लगेच येतं. तिथे टाइमआउट तीस सेकंद काय नि तीन मिनिटं काय! तिकीट या टीमकडून त्या टीमकडे फिरत राहिलं आणि रिलीज लटकली. लॉग उघडायची तसदी कोणी घेतली नाही. असो.

उपाय: एक्स्टेंशन काढा. बेस क्लासच्या स्टॅटिक ब्लॉकमध्ये वायरमॉकसर्व्हर एकदाच सुरू करा, बंद करूच नका. जेव्हीएमबरोबर (जावा प्रोसेस संपली की) तो जातोच. बीफोरईचमध्ये (प्रत्येक टेस्टच्या आधी) तेवढं रीसेटऑल, म्हणजे आधीचे स्टब (ठरवून दिलेली नकली उत्तरं) पुसले जातात. डर्टीजकॉन्टेक्स्ट (जुना कॉन्टेक्स्ट टाकून द्यायला सांगणारं स्प्रिंगचं ॲनोटेशन) लावूनही भागतं, पण मग प्रत्येक क्लासला कॉन्टेक्स्ट नव्याने उभा राहणार. माझ्या मते ती पळवाट आहे, मोठ्या प्रोजेक्टात तर नकोच.

हे जेयुनिट ५ आणि स्प्रिंग बूटपुरतं. तुमची मांडणी वेगळी असेल तर माझा अंदाज चुकूही शकतो. आणि एकाच जेव्हीएममध्ये टेस्ट पॅरलल चालवत असाल तर रीसेटऑल शेजारच्या टेस्टचे स्टबही पुसून टाकेल. तिथे शुअरफायरचे (मेव्हनच्या टेस्ट चालवणाऱ्या प्लगइनचे) वेगळे फोर्क, म्हणजे वेगळ्या जेव्हीएम, बरे, प्रत्येकाला आपापला सर्व्हर मिळतो.

जाता जाता: पुढेमागे ओकेएचटीटीपीचा मॉकवेबसर्व्हर (वायरमॉकसारखाच नकली सर्व्हर) वापरलात तर टेकरिक्वेस्टला (आलेली रिक्वेस्ट तपासायला घेणाऱ्या मेथडला) टाइमआउट द्याच. नाहीतर रिक्वेस्ट आलीच नाही की टेस्ट नापासही होत नाही, नुसती ताटकळत बसते.