क्रीडाविज्ञान शिकायला निघालेल्या मुलीस

प्रिय बाय,

हायर सेकंडरी संपल्यावर क्रीडाविज्ञान घ्यायचे तू ठरवलेस, त्याचा मनापासून आनंद झाला. तू फुटबॉल खेळतेस, म्हणून हा विषय आपला वाटणे साहजिक आहे. पण पहिल्या सत्रातच मैदान मागे पडेल आणि स्नायुपेशी, हृदयाचे ठोके, टॉर्क (सांध्याभोवती फिरवणारा जोर), प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरले त्याचे माप) यांची गाठ पडेल. तीन वर्षे खेळायला मिळेल या समजुतीने आलेली मुले तिथेच हिरमुसतात. या विषयाचा गाभा शरीराचे नीट मोजमाप हा आहे, आणि हे पत्र मुख्यतः त्यासाठीच आहे.

आधी अभ्यासक्रमांच्या नावांचा घोळ निस्तरू. बी.पी.एड. पदवीनंतर करतात आणि त्यातून शाळेत शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होतात. बी.पी.ई.एस. बारावीनंतरचा, त्यात खेळ आणि शारीरिक शिक्षण यांना वजन. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा डिप्लोमा कोच घडवतो. दुखापतीवर उपचार करायचे असतील तर फिजिओथेरपीची वेगळी पदवी लागते. क्रीडाविज्ञानाच्या पदवीने तो अधिकार मिळत नाही. कॉलेज निवडताना माहितीपुस्तिकेतल्या इमारतींवर जाऊ नकोस. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचार: श्वासातले वायू मोजणारे यंत्र तुमच्या हाताला किती वेळा लागले? ते शेवटचे कॅलिब्रेट, म्हणजे ठाऊक असलेल्या मापाशी ताडून दुरुस्त, कधी झाले? काचेच्या कपाटात बंद यंत्रांची प्रयोगशाळा तुझ्या कामाची नाही. गणित सोडले असेल तर सुट्टीत सदिश आणि त्रिकोणमिती उजळून घे, बायोमेकॅनिक्समध्ये, म्हणजे शरीराच्या हालचालींच्या बलशास्त्रात, त्यावाचून पान हलत नाही.

आता मोजमाप. बीप टेस्ट तू शाळेत दिलीच असशील. 20 मीटर अंतरावर दोन रेषा, ध्वनिफितीतला पुढचा बीप वाजण्याआधी पलीकडची रेषा गाठायची, पहिली पातळी ताशी 8.5 किलोमीटर, मग दर मिनिटाला 0.5 ची वाढ. इतकी सोपी चाचणी, पण ती बिघडवणेही तितकेच सोपे. समज, पावलांनी अंदाज घेऊन रेषा 19 मीटरवर पडली. दहाव्या पातळीचा वेग ताशी 13 किलोमीटर, पण 5 टक्के अंतर कमी झाल्याने मुलगी प्रत्यक्षात 12.35 ने धावते. म्हणजे एका पातळीपेक्षा जास्त फायदा तिला फुकट मिळाला. कोच म्हणणार फिटनेस वाढला, आणि वाढली होती फक्त रेषा आखणाऱ्याची घाई. टेप लावूनच मोज. कोणती ध्वनिफीत वापरली तेही लिही, कारण काही आवृत्त्या 8 पासून सुरू होऊन दुसऱ्या पातळीला थेट 9 वर जातात. ओल्या गवतावर वळताना पाय घसरतो, म्हणून जुलैतल्या मैदानावरचा निकाल जानेवारीतल्या निकालाशेजारी ठेवू नकोस. गणेशचवथीच्या सुट्टीनंतर लगेच घेतलेली चाचणीही वेगळी वाचावी लागते.

उडीचेही तसेच. हवेत राहिलेल्या वेळावरून उंची निघते: गुरुत्व त्वरण गुणिले वेळेचा वर्ग, भागिले 8. अर्धा सेकंद हवेत म्हणजे साधारण 30.7 सेंटिमीटर. मोबाइलवर सेकंदाला 30 फ्रेम घेतल्या आणि एक फ्रेम चुकली, तर उत्तर 4 सेंटिमीटरने बदलते. सहा आठवड्यांच्या मेहनतीतून मिळणारी सुधारणाही बहुधा याहून लहान असते. तीच चूक 240 फ्रेमवर जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची. शिवाय गुडघे वाकवून जमिनीवर येणारी खेळाडू हवेतला वेळ लांबवते, तेव्हा पाय सरळ ठेवून उतरायला आधी शिकव.

म्हणूनच संख्याशास्त्राला घाबरून पळू नकोस. एकाच मुलीची तीच चाचणी दोन-तीन दिवसांच्या अंतराने घे, मध्ये काहीच न बदलता. आकड्यात जो फरक पडतो तो तुझ्या मोजमापाचा गोंगाट. पुढे दिसलेली सुधारणा या गोंगाटाहून मोठी नसेल, तर ‘सुधारणा झाली’ हे वाक्य लिहायचे नाही. कोचला हे ऐकायला आवडत नाही, तरी सांगायचेच. बोटातून रक्त घेऊन लॅक्टेट (जोराच्या व्यायामात स्नायूंतून रक्तात येणारा पदार्थ) मोजताना तर आपल्या दमट गोव्यात दुप्पट काळजी हवी. घामातही लॅक्टेट असते. बोट पुसून कोरडे केले नाही आणि पहिला थेंब टाकून दिला नाही, तर यंत्र खोटा आकडा दाखवते.

घामाचा विषय निघालाच आहे, तर जरा थांबू, कारण आपल्या मातीत सर्वांत जास्त शिकण्यासारखे इथेच आहे. एक लिटर घाम त्वचेवरून वाफ होऊन गेला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता नेतो. तोच घाम टपटप गळून पडला तर जवळजवळ काहीच नेत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असते, म्हणून मुली घामाने निथळतात आणि तरी तापतात. उन्हाचा धोका ठरवणारा डब्ल्यूबीजीटी हा निर्देशांक याच कारणाने ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरला 70 टक्के, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातल्या तापमानाला 20 टक्के आणि हवेच्या तापमानाला फक्त 10 टक्के वजन देतो. हवा 32, ओला थर्मामीटर 28 आणि गोळा 42 अंश असेल, तर निर्देशांक 31.2 येतो. इतक्या उकाड्यात सराव पहाटे किंवा संध्याकाळी ढकलावा, पाण्यासाठी वारंवार थांबावे. 2023 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धा गोव्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरल्या. कोरड्या, थंड प्रदेशातल्या शरीराला अशा हवेची सवय व्हायला 1 ते 2 आठवडे लागतात. स्पर्धेच्या आदल्या दिवशी उतरणाऱ्या संघाला हे कोणीतरी वेळेवर सांगायला हवे, आणि ते काम तुझ्या विषयाचे आहे.

घामाचा वेग मोजायला यंत्र लागत नाही. सरावाआधी लघवीला जाऊन ये आणि कमीत कमी कोरड्या कपड्यांत वजन कर, काटा टणक लादीवर ठेवून. समज 54.0 किलो. दीड तासाच्या सरावात 500 मिली पाणी प्यायलीस. नंतर अंग पुसून, ओली जर्सी काढून पुन्हा वजन: 53.1. घट 0.9, अधिक प्यालेले 0.5, म्हणजे 1.4 लिटर, तासाला साधारण 0.93. ओल्या जर्सीसकट वजन केले तर तिच्यातला घाम काट्यावर चढतो आणि आकडा कमी येतो. वजनातली घट 2 टक्क्यांपलीकडे जाऊ देऊ नये, तुझ्यासाठी ती रेषा 1.1 किलोच्या आसपास. सरावानंतर वजन वाढलेले दिसले तर जास्त पाणी प्यायले गेले आहे. रक्तातले सोडियम विरळ होणे जिवावर बेतते, त्यामुळे ‘पाणी पी, पाणी पी’ हा सरसकट सल्ला देऊ नकोस. मॅचच्या दोन-तीन तास आधी आपली मीठ घातलेली पेज उत्तम: पाणी, मीठ आणि स्टार्च एकाच वाटीत. पूरक पावडरीच्या महागड्या डब्याची गरज नाही. डब्यातली पूरके उत्तेजकांनी दूषित असू शकतात, आणि नमुना पॉझिटिव्ह आला तर ‘मला माहीत नव्हते’ याने खेळाडू सुटत नाही.

धावताना कोणी बरळू लागली, झोकांड्या देऊ लागली, तर उष्माघात समज. आधी थंड पाण्यात बुडवून किंवा अंगभर बर्फाचे पाणी ओतून थंड करायचे, त्याच वेळी कोणाला तरी 108 ला फोन करायला लावायचा. थंड करणे सोडून गाडीची वाट पाहण्यात मोलाची मिनिटे जातात.

मुलींचे वजन मोठ्याने वाचू नकोस, भिंतीवर तर अजिबात लावू नकोस. 18 वर्षांखालील मुलीवर चाचणी घेण्याआधी घरच्यांची लेखी संमती घे. पाळीची नोंद ठेवायला सांग, पण नोंद तिच्याकडेच राहू दे. सलग 3 महिने पाळी आली नाही तर तिला डॉक्टरकडे पाठव. सरावाच्या मानाने खाणे कमी पडते तेव्हा हे घडते आणि हाडे ठिसूळ होतात.

प्रवेशाला अजून वेळ आहे. तोवर एक टेप, 0.1 किलो दाखवणारा काटा आणि एक वही घे. तुमच्या संघातल्या तयार असतील तेवढ्या मुलींचा घामाचा वेग मेच्या उकाड्यात मोज, मग पाऊस लागल्यावर पुन्हा मोज. प्रत्येक नोंदीशेजारी वेळ, तापमान, आर्द्रता आणि कपडे लिही. नावांऐवजी क्रमांक घालून ते आकडे मला पाठव, आपण मिळून पाहू.

अनेक आशीर्वाद.