काजूचे ओले सरपण पावसाआधी सुकेल का?

आपण लिहिले आहे की गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील आपल्या बागायतीत खोडकिड्याने वाळत चाललेली काजूची चार झाडे डिसेंबरात तोडली, ओंडके सालीसकट रचून ठेवले आणि मार्च उजाडला तरी ते चुलीत नुसते धुमसतात. युरोपातील बीच या झाडाचे लाकूड सुकायला एक ते दोन वर्षे लागतात असे वाचल्यामुळे आपल्यालाही तितके थांबावे लागेल का, असा आपला प्रश्न आहे.

तितके थांबू नये. जूनमध्ये पाऊस लागला की उघड्यावरचे लाकूड पुन्हा ओल धरते, म्हणून आपल्या हाती मेच्या मध्यापर्यंतचाच काळ आहे. बीचच्या बाबतीतली एक रीत मात्र जरूर उचलावी: ते लाकूड ओले असतानाच फोडतात, कारण अखंड ओंडक्यातील ओल साल अडवून धरते, ती मुख्यतः दोन्ही तोंडांनीच बाहेर पडते आणि तसाच पडून राहिलेला ओंडका लवकर कुजतो. काजूचेही तसेच आहे.

तेव्हा आजच करवतीने दीड दीड फुटाचे तुकडे पाडून ते मनगटाएवढे जाड राहतील असे फोडावेत. काजूचे खोड वाकडे आणि गाठाळ असते. बेचक्यापाशी धागा पिळलेला असल्यामुळे कुऱ्हाड तिथे रुतून बसते. तोंडावर आधीच पडलेली चीर शोधावी, तिच्यात लोखंडी पाचर बसवून घणाने ठोकावी आणि मध्यावर घाव न घालता कडेकडेने लाकूड सोडवत जावे. ताज्या सालीचा चीक काहींच्या कातडीला बाधतो, म्हणून हातमोजे घालावेत.

रचण्याकडे विशेष लक्ष द्यावे, असे मी कळकळीने सांगेन. पहिल्या वर्षी मी संपूर्ण रास ताडपत्रीने चारही बाजूंनी गुंडाळली आणि महिन्याभराने आत पांढरी बुरशी धरलेली दिसली. सुकण्यासाठी उन्हाइतकीच वाऱ्याचीही गरज असते, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. आता मी खाली जांभ्याचे चिरे मांडतो, म्हणजे वाळवी आणि जमिनीची ओल दूर राहते, त्यावर एक थर उभा, एक आडवा असे लाकूड रचतो आणि फक्त माथ्यावर पत्रा ठेवतो.

सुकल्याची खात्री वजनावरून करावी. एका तुकड्यावर खूण करून तो दर आठवड्याला तोलावा. माझा २ किलो ३०० ग्रॅमचा तुकडा दहा-अकरा आठवड्यांत दीड किलोच्या खाली आला आणि मग काटा हलेनासा झाला. असे दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज येतो. ओल्यांचा बद्द येतो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात सगळे मांगरात, म्हणजे बागायतीतल्या खोपीत हलवावे. न फुटलेली बुंध्याची जाड लाकडे यंदा चुलीसाठी धरू नयेत. ती छपराखाली ठेवून पुढच्या हिवाळ्यात फोडावीत. आणखी उभी झाडे तोडायची असतील, तर १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वनखात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी आधी घ्यावी लागते, तो अर्ज आताच करून ठेवावा.