जुन्या पिकअपची पुढची चासी कापून कमानपाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग बसवावी का?

तुमच्या प्रश्नातून कळलं ते असं: गाडी २००६ ची, पुढे अखंड ॲक्सल आणि कमानपाटे. हडपसरहून मार्केट यार्डात माल नेता. खड्ड्यात पुढून सणसणीत आदळते, पन्नासच्या वर स्टिअरिंग थरथरतं आणि स्टिअरिंग बॉक्सच्या बोल्टाजवळ चासीला तडा गेलाय. भोसरीतल्या एका फॅब्रिकेटरने पुढची चासी कापून दुसऱ्या गाडीचा विशबोन-कॉइलचा सेट (प्रत्येक चाक चासीला जोडणारे स्वतंत्र आर्म आणि त्यावर कॉइल स्प्रिंग) वेल्ड करून देतो असं सांगितलंय.

तो सेट बसवू नका. आदळणं आणि थरथर ही बहुधा झिजलेल्या पाट्यांची, बुशांची (पाट्याच्या टोकांतल्या पिनांभोवतीचं अस्तर) आणि किंगपिनची (ज्या पिनेभोवती पुढचं चाक वळतं ती) लक्षणं आहेत, आणि तडा दुरुस्त करता येतो. तेवढंच नीट केलं तर ही गाडी अजून बरीच वर्षं चालेल.

आधी चासी कापण्यातला धोका समजून घ्या. तुमच्या गाडीत पुढचं वजन प्रत्येक बाजूला दोन ठिकाणी, म्हणजे पाट्याची टोकं जिथे चासीला अडकतात त्या पुढच्या आणि मागच्या हँगरवर, विभागून चासीवर येतं. विशबोनमध्ये स्प्रिंग खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर बसते. चाकावर ४५० किलो भार असेल तर तरफेच्या हिशेबाने स्प्रिंगच्या जागी तो जवळजवळ ९०० किलो होतो, आणि खड्ड्यात त्याच्या दुप्पट-तिप्पट. हा सगळा जोर एकाच ठिकाणी, क्रॉसमेंबरवर (चासीच्या दोन बाजू जोडणारा आडवा दांडा) आणि त्याच्या वेल्डवर येतो. तुमची चासी उघड्या सी आकाराची आहे. ती पिळली जाईल अशीच बनवलेली असते, त्यामुळे कडक जोड दिला की तो जोड संपतो तिथेच ती तडकते. शिवाय आर्मच्या पिव्होटची जागा ५-६ मिमी चुकली तरी चाक वर-खाली होताना स्टिअरिंग आपोआप वळतं. अलाइनमेंटच्या मशीनवर हा दोष दिसत नाही, कारण तिथे गाडी उभी असते.

कायद्याचंही पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं आहे. कलम १८२अ(४) प्रमाणे मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. एआरएआय आणि सीआयआरटी या चाचणी संस्था पुण्यातच आहेत, पण तिथे कंपनीचं मॉडेल किंवा किट तपासून घेतलं जातं. गॅरेजमध्ये एकट्या गाडीवर केलेल्या कापाकापीला त्याचा उपयोग नाही. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं, तिथे हे उघडं पडेल. अपघात झाला तर विमा कंपनी हाच मुद्दा पुढे करेल. बऱ्याच गाड्यांत चासी नंबर पुढच्याच भागावर ठोकलेला असतो. तो तुकडा कापला गेला तर गाडीची ओळखच गेली.

आता काम. सुरुवात मोजमापाने करा. गाडी सपाट फरशीवर रिकामी उभी करा, चारही टायरांत सारखी हवा भरा. दोन्ही बाजूंना ॲक्सलच्या वरून चासीच्या खालच्या कडेपर्यंत अंतर मोजा. १० मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर एका बाजूचा पाटा बसलाय. मग ओळंब्याने चारही हँगर पिनांच्या खुणा फरशीवर खडूने उतरवा आणि दोन्ही कर्ण मोजा. फरक ५-६ मिमीच्या आत हवा. त्यापेक्षा जास्त असेल तर चासी आधी फ्रेम बेंचवर सरळ करून घ्यावी लागेल, तोवर बाकी खर्च करू नका. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांमधलं अंतरही दोन्ही बाजूंना मोजा. एका बाजूला कमी भरलं तर बहुतेक वेळा पाटे मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल मागे सरकलेला असतो.

थरथर शोधायला पुढचं चाक जॅकवर उचला, वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग ढिलं, तसाच राहिला तर किंगपिन किंवा त्याचे बुश. स्टिअरिंगच्या दांड्यांचे, म्हणजे टाय रॉड आणि ड्रॅग लिंकचे, बॉल जॉइंट हाताने न तपासता एकाला स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं हलवायला बसवून तपासा. बारीक खेळ तेव्हाच दिसतो. स्टिअरिंग डँपर (स्टिअरिंगचे झटके शोषणारा शॉकअप) लावून थरथर झाकू नका, झीज तशीच वाढत राहते.

पाटे उतरवताना प्रत्येक पाट्यावर क्रमांक आणि पुढची बाजू खडूने लिहा. सेंटर बोल्ट सोडण्याआधी संपूर्ण संच शिकंजात आवळा, नाहीतर पाटे उसळून हात फोडतात. पाटे सुटे झाले की वायर ब्रशने गंज काढा. बहुतेक जुन्या गाड्यांचा कडकपणा इथेच असतो. पाटे एकमेकांवर गंजून चिकटलेले असतात, घसरत नाहीत, म्हणून छोटा खड्डा सरळ चासीला जाणवतो. वरच्या पाट्याच्या पोटाला खालच्या पाट्याच्या टोकाने चर पाडला असेल तर तो पाटा बदला, तुटायची सुरुवात त्या चरातूनच होते. उरलेल्या पाट्यांची टोकं गोल घासा, ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ थर द्या. टोकांना नायलॉनची चकती असेल तर तिथे ग्रीस नको.

एक पाटा वाढवून घ्या असा सल्ला हमखास मिळेल, तो घेऊ नका. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. ६ मिमीच्या जागी ८ मिमीचा पाटा घातला तर तो एकटा जवळजवळ २.४ पट कडक होतो. पुढे माल येत नाही, इंजिनाचंच वजन असतं, म्हणून जादा पाट्याने फक्त आदळणं वाढतं.

बसलेला पाटा भट्टीत लाल करून पुन्हा कमान देणारे आहेत. स्प्रिंगचं पोलाद साधारण ८५० अंशांवर तापवून तेलात विझवावं लागतं आणि मग ४५०-५०० अंशांवर टेंपर करावं लागतं, तेव्हाच कमान टिकते. ही सोय नसेल तर काही आठवड्यांत पाटा पुन्हा बसतो, किंवा ठिसूळ होऊन तुटतो. मूळ मापाचा नवीन संच घेणंच स्वस्त पडतं, तोही दोन्ही बाजूंना एकाच वेळी. बुश, शॅकल (पाट्याचं एक टोक चासीला जोडणारी हलती कडी), यू-बोल्ट (पाटा ॲक्सलला बांधणारे) नाना पेठेत मिळतात. जुन्या बाजारातला वापरलेला पाटा मात्र कितीही चांगला दिसला तरी घेऊ नका, तो किती भार खाऊन आलाय हे वरून कळत नाही. आणि पाट्याला कधीही वेल्डिंगचा ठिपका लागू देऊ नका.

बसवताना लोक सगळ्यात जास्त चुकतात ते बुशांत. रबरी बुश असतील तर हँगर आणि शॅकलचे नट आधी नुसते लावून ठेवा, गाडी चाकांवर खाली उतरवा, दोन-तीनदा दाबून सोडा आणि मगच आवळा. जॅकवर असताना आवळले तर बुश कायम पिळलेला राहतो, गाडी कडक लागते आणि काही महिन्यांत रबर फाटतं. ग्रीसवाले पितळी बुश असतील तर उलट: आवळल्यावरही शॅकल हाताने हलला पाहिजे. यू-बोल्ट जुने वापरू नका, ते एकदा ताणले गेलेले असतात. चारही नट तिरप्या क्रमाने, थोडे थोडे, टॉर्क रेंचनेच आवळा. १२ मिमीच्या ८.८ ग्रेडच्या बोल्टाला साधारण ८० न्यूटन मीटर लागतात, पण तुमच्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

मागच्या मालकाने लांब शॅकल लावून गाडी उचलली असेल तर मूळ लांबीचे शॅकल परत लावा. शॅकलमुळे पाट्याचं एक टोक ५० मिमी खाली गेलं तर ॲक्सलपाशी गाडी फक्त २५ मिमी उचलते. पण १००० मिमी लांबीचा पाटा त्यासाठी जवळजवळ ३ अंश कलतो. शॅकल पुढे असेल तर हे ३ अंश कॅस्टरमधून वजा होतात. कॅस्टर म्हणजे किंगपिनचा मागे कललेला कोन, त्यानेच चाक सरळ परततं. तो संपला की वेग वाढल्यावर गाडी रस्त्यावर भटकते. मूळ शॅकल असूनही अलाइनमेंटच्या तक्त्यात कॅस्टर कमी आला, तर ॲक्सलच्या पॅडवर पोलादी वेज घालून तो पुस्तकातल्या आकड्यावर आणता येतो. ॲक्सल पाट्याच्या खाली असेल तर वेजची जाड बाजू मागे, ॲक्सल पाट्याच्या वर असेल तर जाड बाजू पुढे. ॲल्युमिनियमची वेज तडकते, ती नको.

शॉकअपची लांबी गाडी उभी असताना ठरवू नका. पाटा बंपर रबरला (चासीखालचा रबराचा ठोकळा) टेकल्यावर शॉकअपमध्ये अजून १०-१५ मिमी चाल शिल्लक हवी. नाहीतर प्रत्येक खड्ड्यात शॉकअपच हातोड्यासारखा चासीवर बसतो. बंपर रबर गळून पडलं असेल तर तुमच्या आदळण्याचं निम्मं कारण तेच असू शकतं, आणि सगळ्यात स्वस्त दुरुस्तीही तीच.

आता चासीचा तडा. ही मूळ रचनेची दुरुस्ती आहे, बदल नाही. तरीही ती घाईने उरकली तर पहिल्यापेक्षा मोठा तडा जातो. स्टिअरिंग बॉक्स उतरवा. बॅटरी आणि अल्टरनेटरच्या तारा काढा, डिझेलची आणि ब्रेकची नळी बाजूला घ्या. वेल्डिंगची अर्थ तार कामाच्या अगदी जवळ, उघड्या लोखंडावर लावा, नाहीतर करंट व्हील बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग खराब होतं. रंग आणि गंज काढून तडा दाखवणारा लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर मारा. डोळ्यांना दिसतो त्याच्या पुढेही तडा गेलेला असतो. खरं टोक सापडलं की तिथे ५-६ मिमीचं भोक पाडा, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. मग तडा ग्राइंडरने ६० अंशांच्या व्ही आकारात उघडा, तळाशी दीडेक मिमी फट ठेवा.

वेल्डिंगला साधी ६०१३ काडी नको, ७०१८ वापरा. ती दमट असेल तर उपयोग नाही, पावसाळ्यात तर नाहीच. ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास भाजून गरम असतानाच वापरावी लागते. ३.१५ मिमीच्या काडीला डीसी पॉझिटिव्हवर साधारण १०० ते १३० अँपिअर लावा. एका वेळी ४०-५० मिमीच टाका, थांबा, आपोआप गार होऊ द्या. पाणी ओतून गार केलं तर वेल्डच्या कडेचं लोखंड कडक होऊन तिथेच पुन्हा तडकतं. भरून झाल्यावर वेल्ड पृष्ठभागाबरोबर घासून टाका.

मग पट्टी. इथे जाड म्हणजे मजबूत असं समजून दहा मिमीची प्लेट ठोकतात आणि सहा महिन्यांत प्लेटच्या कडेने चासी तुटते. पट्टी चासीच्या जाडीइतकीच घ्या, चासी ४ मिमी असेल तर ४ मिमी. ती तड्याच्या दोन्ही बाजूंना दीडशे मिमी पुढे जाऊ द्या. टोकं उभी सरळ कापू नका, पतंगासारखी निमुळती ठेवा, म्हणजे ताण हळूहळू चासीत उतरतो. वेल्ड सीच्या उभ्या भागावरच करा. सीच्या वरच्या-खालच्या आडव्या भागांच्या कडेपासून १५-२० मिमी दूर राहा, त्या आडव्या भागांवर आडवा वेल्ड किंवा भोक तर अजिबात नको. चासीचा सगळ्यात जास्त ताण तिथेच असतो.

स्टिअरिंग बॉक्सच्या बोल्टांच्या जागी चासीला आतून मूळ स्लीव्ह (बोल्टाभोवतीच्या नळ्या) असतील तर त्या नीट बसल्या आहेत का पाहा. स्लीव्ह नसली तर नट आवळताना सीच्या भिंती आत दबतात, बोल्ट ढिला पडतो, बॉक्स हलतो आणि भोकापासून तडा सुरू होतो. तुमचा तडा बहुधा याच मार्गाने आलाय, म्हणून कारण न काढता नुसता भरला तर परत येईल. शेवटी झिंकचा प्रायमर, मग रंग, आणि पाणी साचेल अशी जागा बंद करू नका.

सगळं जोडल्यावर अलाइनमेंट करा, टो-इन (पुढची चाकं समोरून किती आत वळलेली ते) पुस्तकाप्रमाणेच. पुस्तक नसेल तर रेडियल टायरला १-२ मिमी, नायलॉनच्या टायरला ३-४ मिमी. पहिली फेरी रिकाम्या गाडीने, मग निम्मा माल भरून दिवे घाट एकदा चढून-उतरून या. शंभर किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने आवळा, पाचशेनंतर आणखी एकदा, आणि त्याच वेळी पट्टीच्या टोकांपाशी रंगाला बारीक केसाएवढी रेघ पडली आहे का ते बॅटरी लावून पाहा. रेघ दिसली तर गाडी उभी ठेवा, माल भरू नका.